‘मलप्रभा’ : कागदी अंतराळयानाच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल, शहापूर, बेळगाव

यान भाचीच्या गोष्टीतलं आहे. आठवीत आहे ती. शाळेच्या हस्तलिखितासाठी तिने लिहिलं की लघुग्रहांवरचं बर्फ फोडून मंगळावरच्या वस्तीला पाणी पोचवणारं एक मालवाहू यान असतं. कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीचं नाव तिने त्याला दिलं, ‘मलप्रभा’. जूनअखेर शाळेत प्रदर्शन आहे, तिथे हे यान मांडायचं. तिची मागणी एवढ्यावर थांबत नाही. वर्गातल्या कुणालाही तुकडे छापलेली शीट नेऊन घरी स्वतः करता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यामुळे काम दुप्पट झालं, आणि मला ते मनापासून आवडलं.

मी उद्यमबागेत पत्र्याच्या कामात आहे. हवेच्या पत्र्याच्या नळांचे (डक्टिंगचे) रेड्यूसर म्हणजे निमुळते जोड, हॉपर म्हणजे नरसाळी, एल्बो म्हणजे कोपरे, यांचं डेव्हलपमेंट, म्हणजे सपाट पत्र्यावरचा उलगडलेला आकार काढणं रोजचंच. कागद म्हणजे पातळ पत्रा असं धरून सुरुवात करतोय.

अटी लिहून ठेवल्या: फक्त ए-फोर कार्डशीट, २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम). हत्यारं म्हणजे कटर, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, टूथपिक आणि घडीची रेघ दाबायला संपलेली रिफिल. चिमटा असला तर उत्तम, नसला तरी अडता कामा नये.

१३ एप्रिल

आकार ठरला. प्रमाण १:४००. मॉडेलची लांबी ४४० मिलिमीटर, म्हणजे यान १७६ मीटर लांब. अंदाजासाठी, आत्ताचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक टोकापासून टोकापर्यंत १०९ मीटर आहे. याच प्रमाणात ते २७ सेंटिमीटरचं होईल.

पुढे राहायचा भाग, त्यामागे चाकासारखं फिरणारं कडं, मग लांब कणा, कण्याला बिलगून पाण्याच्या चार टाक्या, उष्णता टाकणारे दोन पंखे (फिरणारे नव्हेत, पंखासारखे सपाट फलक) आणि शेवटी इंजिन. पंखे भाचीच्या चित्रात नव्हते. ते मी घातले, कारण अंतराळात हवा नसल्याने उष्णता बाहेर पडायला प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने निघून जाणं, ही एकच वाट, आणि त्यासाठी मोठा पृष्ठभाग लागतो. तिने लगेच मान्य केलं आणि गोष्टीत पंखा बिघडल्याचा प्रसंगही घातला.

कड्याचा व्यास तिने विचारला तेव्हा गणित मांडून बघितलं. मॉडेलमध्ये १८० मिलिमीटर, म्हणजे यानात ७२ मीटर. असं कडं मिनिटाला तीन फेरे फिरलं की आतल्या माणसाला जवळपास मंगळाइतकं वजन जाणवतं. पृथ्वीइतकं पाहिजे तर पाच फेरे लागतील. मंगळावर जाणाऱ्यांना तीनच बरे. १९५२ साली व्हर्नर फॉन ब्राउन यांनी चाकाच्या आकाराचं जे स्थानक सुचवलं होतं, त्याचा व्यास २५० फूट होता, म्हणजे सुमारे ७६ मीटर. आपलं कडं त्याच्या आसपास बसतं हे कळल्यावर भाची घरभर सांगत फिरली.

२० एप्रिल

कडं बारा बाजूंचं केलं. दहा बाजू केल्या असत्या तर तीन आरे तीन बाजूंच्या बरोबर मध्ये बसले नसते. बाराला तीनने भाग जातो, म्हणून दर चौथ्या बाजूवर एक आरा. बाहेरची बाजू ४८.२ मिलिमीटर, आतली ३५.४.

ब्लेंडर या त्रिमितीय आकार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये यान उभं करून त्यातल्या कागदी मॉडेलच्या सोयीने उलगडून घेतलं. उलगडा मिळाला, पण जसा मिळाला तसा कामाचा नाही. टॅब (गोंद लावायच्या कडेच्या पट्ट्या) कुठेही, तुकडे कसेही पसरलेले. ते इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून परत मांडले. शंकू मात्र हातानेच काढले, त्यात वेळ कमी गेला. पुढच्या भागाचा टेपर (निमुळता भाग) ६० वरून ३६ मिलिमीटर व्यासावर येतो, उंची ४०. तिरकी उंची ४१.८ येते. कंपासने १०४.४ आणि ६२.६ त्रिज्येचे दोन चाप काढायचे, कोन १०३.४ अंश. रेड्यूसरचंच गणित.

२७ एप्रिल

पहिली बांधणी. साधी काळी-पांढरी प्रिंट, पानाला पाच रुपये, शीट सहा रुपयाला एक. रंगीत लेझर प्रिंटला पानामागे वीस रुपये जातात, म्हणून आकार पक्के होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही.

कडं बंद झालं नाही. बारा स्वतंत्र डबे करून एकमेकांना चिकटवायचे अशी रचना होती. एकेक डबा हातात घेतला तर अगदी नेटका. पण कापताना आणि चिकटवताना प्रत्येक सांध्याला पाव-अर्धा मिलिमीटर जातो, आणि बारा सांध्यांचं मिळून शेवटी बोटभर नाही तरी चांगलं चार मिलिमीटरचं तोंड उघडं राहिलं. दाबून बसवलं तर कडं ताटासारखं सपाट न राहता एका बाजूने उचललं गेलं.

कणाही नापास. २४ व्यासाची नळी वळली होती. २८० मिलिमीटर लांब जोड सरळ धरून ठेवणं मोठ्या माणसालाही जमत नाही. जोड किंचित फिरला की पुढचं सगळं तिरकं होतं.

३ मे

कड्याची रचना मुळापासून बदलली. आता वरचा आणि खालचा बारा-कोनी चपटा भाग एकसंध. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८६.४ मिलिमीटर, म्हणजे ए-फोरच्या २१० रुंदीत बसतो. भिंती म्हणजे घड्या घातलेल्या पट्ट्या, त्या या चपट्या भागाच्या टॅबवर बसतात. आकार चपट्या भागाने आधीच बांधून दिलेला असतो, पट्टीने फक्त त्याच्यामागे जायचं. चुका साठत नाहीत, कारण दर बाजूला पट्टी कोपऱ्याशी परत जुळते.

बाहेरची पट्टी दोन तुकड्यांत करायचा मोह होतो. सहा बाजूंचे २८९ मिलिमीटर होतात, कागद २९७ चा आहे. पण प्रिंटर कडेचे पाच-पाच मिलिमीटर सोडतो, उरतात २८७. म्हणून चार-चार बाजूंच्या तीन पट्ट्या. आतल्या भिंतीच्याही तीन. आरेही तीन असल्यामुळे आतल्या प्रत्येक पट्टीवर आऱ्याची एक खूण येते आणि तिन्ही पट्ट्या हुबेहूब सारख्या. कुठली कुठे लावायची हा प्रश्नच राहत नाही. ही जुळणी आधी ठरवून केलेली नव्हती, पण आता यानात मला सर्वांत आवडलेली जागा हीच आहे.

कणा चौकोनी केला, २४ बाय २४. चार घड्या, एक जोड. घडीमुळे ताठ राहतो. वर कैचीच्या (छताच्या सांगाड्यातल्या तिरक्या पट्ट्यांच्या) रेघा छापल्या की सांगाडा वाटतो.

४ मे

कागदाच्या धाग्याबद्दल, कारण यात पुष्कळांचा वेळ जातो. कागदाला लाकडासारखी दिशा असते. दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घातली तर कडेला तंतू फुटतात. वळवताना तेच. ए-फोरच्या तयार पुड्यात धागा बहुधा लांबीच्या दिशेने असतो. पण खडेबाजारात मोठी आयव्हरी शीट घेऊन कापून मागितली, तर दुकानदार कागद वाया जाऊ नये म्हणून कशीही फिरवून कापतो. एकाच गठ्ठ्यात दोन्ही दिशा निघाल्या. ओळखायचं असं: बोटभर चौकोन कापून एका बाजूने ओल्या बोटाने पुसा. तो ज्या दिशेने पन्हळीसारखा वळतो, त्या पन्हळीची लांबी म्हणजे धागा.

पट्ट्या आता पानावर आडव्या मांडल्या, म्हणजे त्यांच्या घड्या धाग्याला समांतर येतात.

११ मे

टाक्या. भाचीला गोल पाहिजेत. ४० व्यासाचा गोल बारा पाकळ्यांचा केला. एक पाकळी मध्यभागी साडेदहा मिलिमीटर, टोकाला शून्य. टोकं जुळवायला चिमटा, भिंग आणि तास-दीड तास, आणि अशा टाक्या चार. गोल कुठल्याच युक्तीने सपाट पसरत नाही, आमच्याकडे पत्र्याचा गोलसुद्धा ठोकून किंवा दाबूनच होतो.

त्याऐवजी अठरा चौरस आणि आठ त्रिकोणांचा घन घेतला. एकसंध निघतो: मध्ये आठ चौरसांचा पट्टा, वर-खाली फाटे. चौरसाची बाजू १६.६ मिलिमीटर ठेवली की समोरासमोरच्या चौरसांमधलं अंतर ४० येतं. पंचवीस मिनिटांत एक होतो आणि हाताला टणक लागतो. भाचीने हातात फिरवून बघितला. “मामा, हे तर गोलापेक्षा भारी दिसतंय की. पत्रे जोडल्यागत.” ठरलं.

१८ मे

कडं फिरलं पाहिजे, असा हट्ट आला. रास्त आहे. गोष्टीत ते फिरतं.

आस म्हणजे पेन्सिलीवर घट्ट गुंडाळलेली कार्डाची नळी. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, ही तिच्यावर बसणारी दुसरी नळी. मोजून काढली तर हमखास फसते, कारण कार्डाची जाडी पाव मिलिमीटर असली तरी नळीचा घेर त्याच्या सव्वासहा पटीने, म्हणजे दीड मिलिमीटरहून जास्त बदलतो, आणि गुंडाळीचा घट्टपणा प्रत्येकाच्या हाताचा वेगळा. म्हणून मोजणं सोडलं. आसेवर साध्या ८० जीएसएम कागदाचा एक वेढा घ्यायचा, त्याच्यावर तुंबा वळून चिकटवायचा, वाळला की मधला कागद ओढून काढायचा. तेवढीच फट राहते. आसेवर मेणबत्ती घासली. फुंकर मारली की कडं फिरतं.

२५ मे

कसोटीची बांधणी, आणि आजचा दिवस सगळ्यात उपयोगी. शेजारचा मुलगा बसवला. नववीत, कन्नड माध्यमात. आमच्याशी मराठी अस्खलित बोलतो, वाचायला मात्र त्याला वेळ लागतो. त्याला शीट दिल्या आणि मी गप्प बसलो. हा नियम कडक पाळायचा: आपण बोललो की शीटमधला दोष झाकला जातो.

पहिल्या दहा मिनिटांत, “काका, ह्यातलं वरचं कुठलं, खालचं कुठलं, कळंना झालंय.” कड्याचे दोन्ही चपटे भाग दिसायला सारखे, पण एकाचे टॅब आत आणि दुसऱ्याचे बाहेर. ते फक्त मराठी ओळीत लिहिलेलं होतं. शिवाय तुकड्यांचे आकडे देवनागरी. तो १ आणि ९ मध्ये अडखळला. त्याची चूक नाही, मी लहान ठशात छापले होते.

ओळी वाचाव्या लागूच नयेत असं करायचं ठरवलं. आता प्रत्येक टॅबवर एक खूण आहे आणि तो जिथे बसतो तिथे तीच खूण: त्रिकोणाला त्रिकोण, चांदणीला चांदणी. घडी डोंगरासारखी वर असेल तर तुटक रेघ, खाली असेल तर तुटक रेघ आणि ठिपका. कापायची रेघ सलग. वर-खाली दाखवायला बाण.

आणखी दोन गोष्टी त्याने दाखवून दिल्या. आरे कड्यात बसवताना बोट आत जात नाही, म्हणून कड्याचं वरचं झाकण लावण्याआधी आरे बसवायचे. मी उलटा क्रम दिला होता. आणि टॅब चार मिलिमीटरचे होते, त्याच्या बोटांना पुरले नाहीत. सहा केले, टोकांना तिरका काप दिला.

१ जून

भाचीसाठी रंगीत प्रिंट. एक पान खराब निघालं, म्हणून ते दुसऱ्या दुकानातून काढून आणलं. बाहेरची भिंत कड्याला १७ मिलिमीटर कमी पडली. पीडीएफ उघडताना तिथे ‘पानात बसवा’ चालू राहिलं होतं आणि सगळं तीन टक्के लहान झालं. सगळीच पानं लहान असती तर यान फक्त थोडं छोटं झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. पण बाकी सगळी पानं एका मापाची आणि एक दुसऱ्या, हा खरा घात. दोन शीट आणि प्रिंट मिळून बावन्न रुपये गेले, संध्याकाळही गेली.

आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ आहे. दुकानातून हलण्याआधी पट्टी लावून मोजायची. ९७ भरली तर तिथेच परत काढून घ्यायची.

रंगाचं आणखी एक. गडद निळा भाग घडीवरून गेला की टोनरला तडे जाऊन पांढरी रेघ उघडी पडते. स्केचपेनने भरता येते, पण चमक वेगळी दिसते. म्हणून गडद पट्टे घडीपासून दोन मिलिमीटर आत थांबवले आणि यानाचा मूळ रंग फिकट राखाडी ठेवला.

१५ जून

मृग लागला आणि पाठोपाठ चार दिवस झड. भाचीचं यान टेबलावर होतं. कड्याची भिंत दोन कोपऱ्यांमध्ये फुगली, कडं आसेवर अडकलं, एक पंखा केळीच्या पानासारखा वळला.

कागद ओल धरतो तेव्हा धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त वाढतो. पट्टीची लांबी नेमकी त्या आडव्या दिशेत आहे, म्हणून ती वाढली. चपटा भाग मात्र एकाच अंगाने वाढला. घडी स्वच्छ पडावी म्हणून जी मांडणी केली तिचीच ही किंमत आहे, आणि ती मांडणी मी बदलणार नाही. उन्हाळ्यात करून बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. बेळगाव-खानापूरच्या पावसात करणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी दिसेल.

काय काय केलं:

पट्टीचे जोड आता टोकाला टोक भिडवून नाहीत. प्रत्येक जोडावर सहा मिलिमीटरची सरकती ओव्हरलॅप आहे. कोरडं बसवून बघायचं, जुळलं की मग गोंद. मिलिमीटरभर कमी-जास्त त्यात जिरतं.

तुंब्यासाठी एकाऐवजी दोन वेढे. फट दुप्पट. कडं थोडं डुगडुगतं, पण पावसात फिरतं.

पंखे दुपदरी केले, दोन थरांचा धागा एकमेकांना काटकोनात. एक थर वळू लागला की दुसरा त्याला धरतो. हे थर फेव्हिकॉलने चिकटवायचे नाहीत, त्यातलं पाणी एवढ्या रुंद पृष्ठभागाला लागलं की चिकटवतानाच वळण पडतं. इथे रबरी गोंद, दोन्हीकडे पातळ हात, पाच-सात मिनिटं सुकू देऊन मग दाबायचं. वास उग्र, खिडकी उघडी ठेवून करायचं आणि लहान मुलांना हा टप्पा मोठ्यांनी करून द्यायचा. टॅबना फेव्हिकॉलच, पण टूथपिकच्या टोकावर राहील एवढाच.

छापलेल्या शीट कापण्याआधी दिवसभर घरातच पसरून ठेवायच्या, म्हणजे सगळ्या सारखी ओल धरतात. आज कापलेला चपटा भाग आणि आठवड्याने कापलेली पट्टी पावसाळ्यात जुळत नाहीत. रात्री तुकडे स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट.

२२ जून

भाचीने बदललेल्या शीटवरून एकटीने यान बांधलं. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तेव्हा कडं फिरत होतं. अडलेली जागा एकच, इंजिनाचा घंटेसारखा भाग. तो दोन टेपर एकात एक बसवून होतो आणि आतल्याचं तोंड बाहेरच्यापेक्षा दोन जाड्यांनी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने लहान असायला हवं. मी दोन्हीला एकच माप ठेवलं होतं. तिने स्वतःच आतल्या टेपरच्या जोडाला दीड मिलिमीटर जास्त चढवून बसवलं आणि शीटवर पेन्सिलने लिहून ठेवलं. तिचं माप तसंच फाइलमध्ये घेतलं.

२९ जून

प्रदर्शन झालं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी शीट मागितल्या. इथे पैशांचा विचार करावा लागला. यानाला सात शीट. कार्ड आणि रंगीत प्रिंट मिळून १८२ रुपये होतात, आणि बिघडलेल्या पानाचे वेगळे. आठवीतल्या सगळ्या मुलांना हे परवडत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तेच ७७ रुपयांत बसतं. म्हणून दुसरी फाइल केली: फक्त रेघा, खुणा आणि पत्र्याच्या जोडांच्या बारीक ओळी. रंग मुलांनी कापण्याआधी सपाट पानावर पेन्सिल-रंगांनी भरायचे. वॉटर कलर नाही, कागद वळतो. या फाइलमध्ये घडीवर तडे जाण्याचा प्रश्नही राहत नाही.

६ जुलै

शेजारच्या मुलाने नवीन शीटवरून परत बांधलं. या वेळी एकदाही विचारलं नाही. दोन बसक्यांत, जेवणाची सुट्टी धरून, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. कडं आधी, मग टाक्या, कणा सगळ्यात शेवटी, हा क्रम त्याने स्वतः निवडला, कारण अवघड काम ताजेपणी उरकतं. तोच क्रम आता पानांवर घातला आहे.

उरलेलं काम: टाक्या कण्याला धरून ठेवणारे चार पट्टे अजून नाजूक आहेत, यान उचलताना मुलं तिथेच धरतात. ते दुपदरी करायचे. कण्यावर, तोल सांभाळून, उभं करायला स्टँड लागेल. टेकू कड्यापासून मागे ९० मिलिमीटरवर घेतो आहे. ते माप पक्कं झालं की आठवं पान होईल.